सातमाशी लेक आणि चौथीचे पाढे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी २९ आठवड्यांची जन्मली, वजन ११५० ग्रॅम, ४४ दिवस पेटीत होती. आता नऊ वर्षांची आहे, मराठी शाळेत चौथीत. बोलायला चुरचुरीत, आज्जीच्या ओव्या तोंडपाठ. पण सातचा पाढा दोन महिने घोकून राहत नाही, आणि तीन कामं सांगितली तर एक करून परत येते. बाई म्हणतात आळशी आहे. सासूबाई म्हणतात सातमाशीच ती, डोकं कच्चं राहणारच. जन्मानंतर डोक्याची सोनोग्राफी तर नॉर्मल होती, मग हे आलं कुठून? काही औषध आहे का? आणि दुसरं मूल घ्यायचं ठरवलं तर तेही असंच होईल का?

ताई, आधी सासूबाईंचं बोलणं घेऊ. आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेपाशी अजून म्हणतात, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे साफ उलटं आहे. पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या पदरात पडतो, आठव्या महिन्याचं बाळ सातव्यापेक्षा सुरक्षितच असतं. पण मला जास्त खुपतं ते त्या म्हणीत न बोललेलं: जगलं की झालं. बाळ पेटीतून बाहेर आलं, अंगानं भरलं, पावलं टाकू लागलं की घरचे देवाला नारळ फोडतात आणि आम्ही डॉक्टर फाइल बंद करतो.

मीही केल्या आहेत. बेळगावात नवजात बाळांचं काम करायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा मुलांना दोन वर्षांचं होईपर्यंतच बोलवत असे. चालतंय, बोलतंय, फिट येत नाही, बस्स. निपाणीकडच्या एका मुलाला, ३० आठवड्यांच्या, मी असाच हसत निरोप दिला होता, 'आता यायची गरज नाही' म्हणून. तो दहाव्या वर्षी परत आला. वडील तंबाखूच्या वखारीतलं काम टाकून आले होते. पोराच्या तळहातावर छडीचा वळ होता. गणितात नापास, आणि सांगितलेलं विसरतो ही तक्रार.

त्या दिवशी टेबलावर जे घडलं ते तुम्हाला सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. मी आकडे म्हणायचे, त्यानं तसेच म्हणायचे. ३, ८, १, ५. बरोबर म्हणाला. पाच आकडे दिले, तिसऱ्यावर अडखळला. मग उलटे म्हणायला सांगितले. मी ६, २ म्हटलं, तो २, ६ म्हणाला. तीन आकडे दिले तर छताकडे बघत बसला आणि शेवटी म्हणाला, 'गेलं.' या वयाची मुलं साधारण पाच-सहा आकडे सरळ आणि तीन-चार उलटे म्हणतात. मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, बाजाराला निघालेल्या म्हातारीची, सावकाश, मध्ये थांबत. अर्ध्या तासानं वडिलांशी बोलून झाल्यावर विचारली. पोरानं सगळी सांगितली. म्हातारीच्या छत्रीचा रंग, कोंबडी कितीला विकली ते, आणि मी चुकून दोनदा सांगितलेलं एक वाक्यसुद्धा दोनदा.

हा मुलगा विसराळू म्हणायचा का?

खानापूरकडे भात पिकतो, तेव्हा कणगी तुम्हाला माहीत आहे. या पोराची कणगी चांगली मोठी होती. लहान होतं ते भरायचं मापटं. सावकाश घातलं तर दाणा न दाणा आत गेला आणि राहिला. भराभर ओतलं तर मापट्यातून सांडला, कणगीपर्यंत पोचलाच नाही. पुढं आपण कणगीत हात घालतो, रिकामी लागते, आणि म्हणतो विसरला. मुळात आत गेलंच नव्हतं, तर विसरणार काय?

या मापट्याला आमच्या भाषेत कार्यकारी स्मृती म्हणतात. आत्ता ऐकलेलं काही क्षण डोक्यात धरून त्याच्यावर काम करायचं, एवढंच तिचं काम. तोंडी बेरीज करताना हातचा एक लक्षात ठेवणं, फळ्यावरचं वाक्य वहीत उतरेपर्यंत धरून ठेवणं, 'दप्तर ठेव, हातपाय धू, आज्जीला चहा दे' यातलं तिसरं काम पहिलं संपेपर्यंत सांभाळणं. फार लवकर जन्मलेल्या मुलांत हे मापटं लहान असणं आणि मेंदूचा एकूण वेग थोडा कमी असणं या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या आहेत. गणित त्यांना जास्त छळतं ते याच दोन्हींमुळे.

आता सोनोग्राफी. जन्मल्यावर टाळूतून जी सोनोग्राफी करतात, तिचं मुख्य काम म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांजवळ रक्तस्राव झाला आहे का, पाणी साठतंय का, मोठ्या जखमा आहेत का हे पाहणं. असा रक्तस्राव बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच होतो. तुमच्या लेकीला तो नव्हता, ही खरोखरच चांगली बातमी आहे. पण नॉर्मल सोनोग्राफी म्हणजे मोठी पडझड नाही, एवढाच तिचा अर्थ. बारीक वायरिंग तिच्यात दिसत नाही.

आणि शेवटच्या तीन महिन्यांत नेमकं वायरिंगच चालू असतं. ३५ आठवड्यांनासुद्धा मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन तृतीयांशच असतं. घड्या पडायच्या असतात, दूरच्या भागांना जोडणाऱ्या तारा ओढल्या जात असतात, आणि त्या तारांवर पुढं आवरण चढवणाऱ्या पेशी २४ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान अगदी कोवळ्या असतात. प्राणवायू कमी पडला, जंतुसंसर्ग झाला, अंगात सूज चढली, की या पेशी मरतात किंवा वाढायच्या थांबतात. आवरण नीट नसलं की निरोप पोचतो, पण रेंगाळत. शिवाय हे सगळं व्हायचं पोटातल्या अंधारात, पाण्यात तरंगत, आईच्या आवाजात. तुमच्या लेकीचं ते झालं ट्यूबलाइटखाली, दिवसातून चार वेळा टाचेला सुई टोचून घेत. मशीन कितीही चांगलं असो, ते गर्भाशय नव्हे.

दुसऱ्या जातीचं विसरणंही असतं, ते वेगळं ओळखायला हवं. मेंदूत कानाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, घडलेलं साठवण्याचं काम त्याच्याकडे. त्यालाही कमी प्राणवायू आणि लोहाची उणीव सोसत नाही. लंडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात लवकर जन्मलेली, पण बुद्ध्यांक नॉर्मल असलेली किशोरवयीन मुलं तपासली होती. त्यांचा हा भाग सोबतच्या मुलांपेक्षा लहान भरला, आणि वस्तू कुठं ठेवली, निरोप काय होता, अशा रोजच्या गोष्टींत ती कमी पडत होती. अशा मुलाला सावकाश सांगितलेली गोष्टही अर्ध्या तासानं आठवत नाही. काल घरी कोण आलं होतं विचारलं तर गोंधळतं. तुमची लेक ओव्या म्हणते आणि चुरचुरीत बोलते, म्हणून माझा कल मापट्याकडे आहे. तरी घरी गोष्टीचा तो प्रयोग करून बघा. निदान म्हणून नव्हे, डॉक्टरांना सांगायला.

आकड्यांबद्दल थोडं, कारण इंटरनेटवर तुम्ही ते वाचणारच. ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांचा बुद्ध्यांक पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरीनं १० ते १३ गुणांनी कमी येतो, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसतं. ऐकायला मोठं वाटतं. पण १०० तून १३ वजा केले तरी ८७ उरतात, आणि ८५ ते ११५ हा नॉर्मलचाच पट्टा. सरासरीच्या मागं काही मुलं खूप खाली असतात, पुष्कळशी वर्गात कुणाला ओळखूही येत नाहीत. ब्रिटन-आयर्लंडमधला १९९५ सालच्या बाळांचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, त्यातले आकडे फार भयंकर आहेत, पण ती बाळं २६ आठवड्यांच्याही आतली होती. तो तक्ता २९ आठवड्यांच्या लेकीला लावू नका. उलट ३४ ते ३६ आठवड्यांची बाळं 'जवळजवळ पूर्ण दिवसांची' म्हणून सोडून दिली जातात. त्यांना धोका कमी, पण शून्य नाही, आणि संख्येनं तीच सगळ्यात जास्त. भारतात २०२० साली सुमारे ३० लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली.

'मोठी झाली की आपोआप सुटेल' असं मात्र मी म्हणणार नाही. दक्षिण जर्मनीत १९८५-८६ साली जन्मलेल्या अशा मुलांचा पाठपुरावा त्यांच्या २६ व्या वर्षापर्यंत झाला आहे. लहानपणी दिसलेली तफावत सरासरीनं मोठेपणीही तशीच राहिली. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मी प्रत्येक आईला सांगतो. सहाव्या वर्षी आई मुलाबरोबर एखादं काम करताना कशी वागते ते त्यांनी पाहिलं होतं. मुलाचा वेग ओळखून, न ओरडता, न हिसकावता जी आई साथ देत होती, तिच्या लवकर जन्मलेल्या मुलाची तेराव्या वर्षीची शाळेतली प्रगती पूर्ण दिवसांच्या मुलांच्या जवळ पोचली होती.

आता पाढे. सातचा पाढा अख्खा घोकायचा बंद करा. तीन ओळी घ्या: सात, चौदा, एकवीस. चिंचोके सात-सातच्या रांगेत मांडा, बोटानं दाखवत म्हणा. दहा मिनिटांनी विचारा, मग रात्री जेवताना, मग दुसऱ्या दिवशी सकाळी, मग दोन दिवस सोडून. पन्नास वेळा घोकण्यापेक्षा अंतर टाकून पाच वेळा आठवायला लावणं जास्त कामाचं. झोपेत दिवसभराचं धान्य कणगीत जातं, तेव्हा पाठांतरासाठी नऊच्या पुढं जागवू नका. पाढ्याचा तक्ता भिंतीवर असू द्या आणि गणित सोडवताना बघू द्या. ती नक्कल नव्हे. पाढा धरायला जे मापटं खर्च होतं, ते गणिताच्या पायऱ्यांना मोकळं राहतं.

आणखी एक, आपल्या भागातलं. मराठीत २७ म्हणताना आधी सात येतात आणि मग वीस, लिहिताना मात्र आधी २. २९ तर एकोणतीस, म्हणजे तीसात एक उणा! मोठ्यांना हे जाणवत नाही, पण लहान मापट्याच्या मुलाला प्रत्येक आकडा मनात उलटा करावा लागतो. कन्नडात तेच इप्पत्तेळु, इप्पत्तोंबत्तु. वीस-सात, वीस-नऊ. सरळ. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन दिलं तेव्हा केवढे विनोद झाले. मी हसलो नाही. तुमची लेक शाळेत कन्नड शिकते, शेजारीही बोलत असेल. अडलं की कन्नडातून मोजू दे. माझ्याकडची काही मुलं हातच्याची बेरीज मनात कन्नडातून करतात आणि उत्तर मराठीत लिहितात. भाषेचा वाद मोठ्यांनी मोठ्यांशी घालावा, पोराला जी शिडी मिळेल ती चढू द्यावी.

तीन लिप्या एकदम पडतात हे खरं, पण म्हणून इंग्रजी माध्यमात घालायचा विचार असेल तर माझं मत नको असं आहे. ज्या भाषेत ती आज्जीशी बोलते त्याच भाषेत तिचं मापटं सगळ्यात कमी सांडतं. नवे कन्नड किंवा इंग्रजी शब्द आधी कानानं, खेळात येऊ द्या, लिहिणं मागून.

बाईंना भेटा, पण भांडायला नको. एवढंच मागा: पुढच्या बाकावर जागा, एका वेळी एक सूचना, फळ्यावरचं उतरवायला जादा वेळ, आणि सगळ्यांसमोर उभं करून पाढा विचारू नये. भीती वाटली की उरलंसुरलं मापटंही पालथं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे, पण त्याची तपासणी आठव्या वर्षाच्या आधी धरत नाहीत. तुमची लेक त्या वयाची झाली आहे. तिला प्रमाणपत्र लागेलच असं नाही. मात्र दहावीच्या परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर कागद आधीपासून लागतात, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून उपयोग नसतो.

औषध? स्मरणशक्ती वाढवणारं औषध नाही. ब्राह्मीचं सिरप, पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन, मोबाइलवरचे मेंदूचे खेळ, सगळं माझ्या टेबलावर येऊन गेलं आहे. कॉम्प्युटरवर कार्यकारी स्मृतीचा सराव करून घेण्याचा प्रयोग ऑस्ट्रेलियात फार लवकर जन्मलेल्या मुलांवर पद्धतशीर झाला. मुलं त्या खेळात तरबेज झाली, अभ्यासात टिकाऊ फरक पडला नाही.

पण दुरुस्त होण्यासारखं काही नजरेआड राहिलंय का, ते बघायलाच हवं. नजर: या मुलांना चष्मा आणि तिरळेपणा जास्त असतो, पेटीत असताना डोळ्यांचा पडदा तपासला असला तरी आता पुन्हा दाखवा. ऐकणं. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. झोपेत घोरणं. बोलता बोलता काही सेकंद टक लावून हरवून जाते का? तसं असेल तर ते लक्ष नसणं नव्हे, तो फिटचा एक प्रकार असू शकतो आणि त्याला चांगलं औषध आहे. लक्ष न टिकण्याचा विकार या मुलांत जास्त दिसतो, तोही बऱ्याचदा दंगामस्तीशिवाय, खिडकीबाहेर बघत बसणारा. तपासून तो ठरला तर त्यालाही उपचार आहेत. हे सगळं खाजगीतच करावं लागतं असं नाही. २०१३ पासून सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला किंवा आशाताईंना सांगा, ते जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात.

दुसऱ्या मुलाबद्दल. एकदा लवकर प्रसूती झाली की पुन्हा तसं होण्याची शक्यता इतरांपेक्षा दीड ते दोन पट असते. म्हणजे बहुतेकींची दुसरी खेप पूर्ण दिवस भरते. तुम्ही बसनं प्रवास केला, ग्रहणात बाहेर गेलात, पपई खाल्लीत म्हणून हे झालं, असं कुणी म्हणत असेल तर ते मनातून काढून टाका. घरात मशेरी लावायची सवय असेल तर मात्र ती थांबवा. तंबाखू दातांना लावली तरी रक्तात जाते, आणि दिवस न भरण्याशी, बाळाचं वजन कमी भरण्याशी तिचा संबंध दिसलेला आहे. आपल्या भागातल्या किती बायका हे 'व्यसन' धरतच नाहीत!

दिवस राहिले की लगेच नाव नोंदवा आणि पहिल्याच भेटीत २९ आठवड्यांचा इतिहास सांगा. गर्भाशयाच्या तोंडाची लांबी, लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तदाब हे मग वेळेवर बघितलं जातं. ॲस्पिरिनच्या बारीक गोळीबद्दल विचारा. सहा देशांतल्या सुमारे १२ हजार पहिलटकरणींवर तिची चाचणी झाली, त्यात आपल्या बेळगाव परिसरातल्या बायकाही होत्या. २०२० साली निष्कर्ष आले: वेळेआधी प्रसूती शंभरात १३.१ वरून ११.६ वर आली. तुम्ही पहिलटकरीण नाही, म्हणून तुम्हाला ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, मनानं घेऊ नका.

आणि कळा लवकर सुरू झाल्याच तर घरी थांबू नका. आईला वेळेत दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं बाळाची फुफ्फुसं तयार करतात, ३२ आठवड्यांच्या आत मॅग्नेशियम दिलं तर मेंदूलाही राखण मिळते. पण त्यासाठी पोचायला हवं. जांबोटी, कणकुंबीकडच्या रस्त्यावर पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा बाळाला जन्मानंतर गाडीतून आणण्यापेक्षा ते पोटात असतानाच आईला पेटीची सोय असलेल्या दवाखान्याजवळ आणणं कधीही चांगलं. सातव्या महिन्यापासून बेळगावात कुणा नातेवाइकाकडं राहायची सोय होत असेल तर बघून ठेवा.

लेकीला कुठंही दाखवायला न्याल तेव्हा पेटीच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आणि तुमचं गरोदरपणातल्या नोंदींचं तायी कार्ड न्या, फाटलेलं असलं तरी चालेल. गणिताची वही न्या, पण चांगली नको, खाडाखोड केलेली न्या. कुठल्या पायरीवर सांडतं ते त्या खोडण्यातच दिसतं.